काढून टाकलेले आणि मागे उरलेले : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील संगणक-सफाईचा इतिहास

मुळा-पवनेच्या काठापासून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळापर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात यंत्राची नोंद ठेवण्याची शिस्त कारखान्यांबरोबरच आली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधांचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटोने आणि पिंपरीला टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, आपले कारखाने उभारले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे भोसरी, चिंचवड, तळवडे या भागांत वाढत गेली. मोठ्या कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागात प्रत्येक यंत्राचे एक ‘हिस्ट्री कार्ड’ असे. यंत्र कधी बसवले, कोणते बेअरिंग कधी बदलले, कोणता भाग काढून त्याजागी कोणता घातला, हे सारे त्यावर लिहिले जाई, आणि ते कार्ड न पाहता यंत्र उघडणे हा कामातील ढिलेपणा मानला जाई. पुढे याच कारखान्यांत आलेल्या संगणकाला मात्र असे कार्ड मिळाले नाही. त्यावर कोणता प्रोग्रॅम कोणी आणि कधी बसवला, त्या प्रोग्रॅमने आपल्या फायली कुठे कुठे ठेवल्या, याची नोंद वापरणाऱ्यानेही ठेवली नाही आणि दुरुस्त करणाऱ्यानेही नाही. नकोसा झालेला प्रोग्रॅम त्याच्या सर्व अवशेषांसह काढून टाकणे हे काम या पट्ट्यात दीर्घकाळ अवघड राहिले, त्याचे मूळ या न ठेवलेल्या नोंदीत आहे.

सुरुवातीला या उणिवेची झळ फारशी लागली नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या संगणक धोरणानंतर वैयक्तिक संगणक मिळणे सोपे झाले आणि मोठ्या कारखान्यांतील ‘ईडीपी’ विभागांच्या, म्हणजे पगारपत्रके व साठ्याचे हिशेब संगणकावर करणाऱ्या विभागांच्या, बंद खोल्यांबाहेर तो हळूहळू टेबलावर येऊ लागला. या संगणकांवर डॉस ही कार्यप्रणाली चालत असे आणि डॉसमध्ये प्रोग्रॅम म्हणजे बहुधा एक डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा एक कप्पा, असे. तो कप्पा पुसला की प्रोग्रॅम गेला. कप्प्यातील उपकप्प्यांसकट सर्व काही एका आज्ञेने पुसणारी डेलट्री ही आज्ञा १९९३ च्या एमएस-डॉस ६ बरोबर आली. मागे उरलेच तर संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट आणि कॉन्फिग.सिस या दोन फायलींत एखाददुसरी ओळ उरे, आणि त्या फायली साध्या मजकुराच्या असल्याने जाणता माणूस ती ओळ वाचून खोडू शकत असे. पुसलेली फाइल खरे तर लगेच नाहीशी होत नसे. डॉस तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून ती जागा मोकळी असल्याचे मानत असे आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर डिस्कवर तसाच राही. फाइल पुसणे आणि मजकूर नष्ट होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या साध्या काळातही खरे होते, फक्त त्याची फिकीर करण्याचे कारण कोणाला नव्हते.

लहान वर्कशॉपांच्या कचेऱ्यांत या साधेपणाचीच एक उलटी बाजू दिसू लागली. जॉबवर्कची बिले आणि विक्रीकराचे हिशेब ठेवण्यासाठी तेथे टॅली हा बंगळुरूच्या कंपनीचा प्रोग्रॅम रूढ झाला. त्याच्या जुन्या आवृत्त्या आपल्याच कप्प्यात राहत आणि वर्षानुवर्षांचे हिशेबही त्याच कप्प्यातील ‘डेटा’ नावाच्या उपकप्प्यात ठेवत. जुनी आवृत्ती नको म्हणून कोणी सगळा कप्पाच पुसला, तर प्रोग्रॅमबरोबर धंद्याचे हिशेबही जात. नको असलेली वस्तू आणि जपायची वस्तू एकाच छताखाली असल्या की काढणाऱ्याला दोन्हींची ओळख असावी लागते. ती ओळख संगणक बसवणाऱ्या माणसाकडे क्वचितच असे आणि हिशेबनीसाकडे ती असली तरी त्याला कोणी विचारत नसे.

संपूर्ण काढून टाकणे हे पैसे देऊन करून घेण्याचे स्वतंत्र काम बनले ते व्हायरसांमुळे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवरील सुरुवातीचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात, राहत असे. १९९२ मध्ये ६ मार्चला डिस्क नासवणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ची जगभर धास्ती पसरली. या जातीचे व्हायरस मूळ बूट सेक्टर उचलून डिस्कवर अन्यत्र ठेवत आणि त्याच्या जागी स्वतः बसत, त्यामुळे व्हायरस पुसणे पुरेसे नसे. हलवलेला मूळ भाग शोधून परत जागेवर आणावा लागे. एका सोप्या आज्ञेने बूट नोंद नव्याने लिहिण्याचा उपाय पुष्कळांना ठाऊक होता, पण डिस्कच्या विभागांचा तक्ताच झाकून ठेवणाऱ्या ‘मंकी’सारख्या व्हायरसवर तो उपाय केला तर तक्ता हरवे आणि डिस्कवरील सर्व काही अदृश्य होई. याच काळात पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून संगणक दुरुस्तीकडे वळले, त्यांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली, दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्यासाठी त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यांतून १९९५ च्या सुमारास डॉससाठीचे क्विक हील बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव धारण केले. हे उत्पादन प्रयोगशाळेत जन्मले नाही, दुरुस्तीच्या टेबलावर जन्मले, ही गोष्ट या इतिहासात महत्त्वाची आहे. पुण्याच्या परिसरात काढणे या कामाची पहिली पद्धतशीर विद्या दुरुस्ती करणाऱ्यांनी घडवली, आणि तिचा पाया मूळ स्थिती काय होती हे जाणून घेण्यात होता.

विंडोजने ही मूळ स्थिती जाणून घेणेच अवघड करून टाकले. विंडोज ३.१ च्या काळात प्रोग्रॅम आपल्या सूचना विन.आयएनआय आणि सिस्टिम.आयएनआय या सामाईक फायलींत लिहीत; ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने या सूचना रजिस्ट्री नावाच्या एका मध्यवर्ती नोंदवहीत हलवल्या. ही नोंदवही साध्या मजकुराची नसून कळ आणि मूल्य अशा जोड्यांचे एक मोठे झाड असते, आणि एकाच प्रोग्रॅमच्या नोंदी त्या झाडाच्या अनेक फांद्यांवर विखुरलेल्या असतात. त्याच आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम घालण्या-काढण्याची सोय आली. पाहणाऱ्याला वाटे की आता विंडोजच प्रोग्रॅम काढील. प्रत्यक्षात त्या यादीत प्रोग्रॅमचे नाव आणि तो काढण्यासाठी चालवायची आज्ञा एवढेच लिहिलेले असे, आणि काढण्याचे काम प्रोग्रॅमच्या कर्त्यानेच लिहिलेला दुसरा छोटा प्रोग्रॅम करी. त्या छोट्या प्रोग्रॅमला बसवतेवेळी ठेवलेल्या फायली माहीत असत. वापरात असताना नंतर तयार झालेल्या फायली, वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या नावे साठलेल्या पसंती, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा आणि यंत्रसामग्रीशी बोलणारे ड्रायव्हर यांची त्याला खबर नसे किंवा त्यांना हात लावण्याची त्याला मुभा नसे.

यात डीएलएल फायलींची अडचण सर्वांत मोठी होती. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी वाटून वापरायचा सामाईक कार्यसंच. तो किती प्रोग्रॅम वापरतात याचा आकडा विंडोज रजिस्ट्रीत ठेवी, प्रत्येक नव्या प्रोग्रॅमने तो एकाने वाढवावा आणि जाताना एकाने घटवावा अशी अपेक्षा असे, आणि आकडा शून्यावर आला की ही सामाईक फाइल पुसावी का, असा प्रश्न पडद्यावर उमटे. अनेक प्रोग्रॅम हा आकडा वाढवतच नसत किंवा घटवत नसत, त्यामुळे तो विश्वासार्ह राहिला नाही. प्रश्न ज्याला विचारला जाई त्या कारकुनाला वा सुपरवायझरला उत्तर ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ‘नाही’ म्हणणे सुरक्षित म्हणून फायली साठत गेल्या. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर आलेल्या विंडोज इन्स्टॉलर या सेवेने प्रत्येक घटकाची नोंद ठेवून हा गोंधळ बराच कमी केला, परंतु त्या नोंदीच बिघडल्या तर प्रोग्रॅम धड चालतही नसे आणि निघतही नसे.

या अवस्थेत महाराष्ट्रभर, आणि वर्कशॉपांच्या या पट्ट्यात विशेषतः, एक रूढी घट्ट झाली : संगणक मंद झाला, प्रोग्रॅम अडला किंवा व्हायरस शिरला, की ‘फॉरमॅट मारायचा’, म्हणजे डिस्कचा मुख्य भाग कोरा करून विंडोज आणि बाकीचे सर्व नव्याने टाकायचे. ही रूढी अज्ञानातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुटे भाग जोडून बनवलेले संगणक, मूळ सीडीऐवजी हातोहात फिरणाऱ्या नकला, तासाच्या हिशेबाने काम करणारा दुरुस्तीवाला आणि यंत्र थांबले तर डिलिव्हरी चुकेल या चिंतेतला मालक, या परिस्थितीत एकेक अवशेष शोधत बसण्यापेक्षा सारे कोरे करणे स्वस्त आणि वेळेच्या दृष्टीने निश्चित होते. नकली प्रतींमागे कायद्याची भीतीही होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा ठरवला आणि त्यासाठी किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद केली. कंपन्यांतील परवान्यांची तपासणी करणारी साधने रजिस्ट्रीतील नोंदी वाचतात, त्यामुळे पूर्वीच काढलेल्या प्रोग्रॅमची मागे राहिलेली नोंदही खुलासा मागू शकत होती, आणि कोऱ्या डिस्कला कोणी काही विचारत नसे.

फॉरमॅटने काय काय नेले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण त्याचा एक भाग मराठीच्या दृष्टीने सांगण्याजोगा आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वी कामगार संघटनांची पत्रके, सोसायट्यांचे अहवाल आणि लग्नपत्रिका पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमध्ये किंवा सी-डॅक आणि इतर संस्थांच्या प्रणालींमध्ये जुळवल्या जात. या प्रणाली रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवत आणि प्रत्येकीची मांडणी वेगळी असे, त्यामुळे ती प्रणाली आणि तिचे फॉन्ट संगणकावरून गेले की जपून ठेवलेला दस्तऐवजही रोमन चिन्हांचा निरर्थक पुंजका दिसू लागे. फॉन्टच्या कप्प्यात मागे राहिलेल्या फायली सफाई करणाऱ्याला कचरा वाटत आणि त्याच फायलींवर एखाद्या संस्थेची पंधरा वर्षांची इतिवृत्ते वाचता येणे अवलंबून असे. अवशेष आणि ऐवज यांतला फरक डिस्ककडे पाहून कळत नाही. तो माणसांना विचारूनच कळतो.

कचेरीत फॉरमॅटने भागत असले तरी शॉप फ्लोअरवर तो मार्ग बंद होता, आणि म्हणून काढण्याची खरी कसोटी तेथे लागली. १९९० नंतर या पट्ट्यातील कारखान्यांत सीएनसी यंत्रे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनुसार धातू कापणारी यंत्रे, आणि पीएलसी, म्हणजे असेंब्ली लाइनची हालचाल ठरवणारे नियंत्रक, झपाट्याने वाढले. सीमेन्सच्या नियंत्रकांच्या आज्ञा ज्या स्टेप ७ या प्रोग्रॅमने लिहिल्या जात, त्याचा परवाना सुरुवातीला एका फ्लॉपीवर मिळे. ऑथर्सडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम तो परवाना फ्लॉपीवरून डिस्कवर हलवी आणि फ्लॉपीवरील शिल्लक एकाने कमी होई. डिस्कवर हा परवाना एएक्स एनएफ झेडझेड अशा नावाच्या लपलेल्या कप्प्यात राही. नेहमीच्या नजरेला न दिसणारा, कोणत्याही ओळखीच्या प्रोग्रॅमचे नाव नसलेला हा कप्पा सफाईच्या नियमांनुसार पाहता अवशेषच वाटावा असा होता, आणि तो पुसला किंवा डिस्क फॉरमॅट केली तर महागडा परवाना हातचा जाई. म्हणून निर्मात्याची सूचना स्पष्ट होती : डिस्क कोरी करण्यापूर्वी किंवा नवी कार्यप्रणाली टाकण्यापूर्वी परवाना परत फ्लॉपीवर हलवावा. अभियांत्रिकी चित्रांच्या प्रोग्रॅमांत वापरली जाणारी फ्लेक्सनेट ही परवाना-व्यवस्था तर काही रूपांत डिस्कच्या पहिल्या ट्रॅकवरील, कोणत्याही फाइलच्या मालकीचा नसलेल्या, सेक्टरमध्ये लिहीत असे. प्रोग्रॅम काढला, त्याचे कप्पे पुसले, रजिस्ट्री साफ केली तरी ती खूण राहत असे, आणि लिनक्सचा बूट-प्रोग्रॅम तीच जागा वापरू लागला की दोघांचा संघर्ष होऊन संगणक सुरूच न होण्याचा प्रसंग येई.

स्टेप ७ काढून नवी आवृत्ती बसवणाऱ्या ऑटोमेशन अभियंत्यांना आणखी एक अडथळा परिचयाचा झाला. बसवण्याचा प्रोग्रॅम आधी संगणक पुन्हा सुरू करण्यास सांगे, संगणक पुन्हा सुरू केला तरी तेच सांगे, आणि हे चक्र थांबत नसे. कारण असे, की वापरात असलेली फाइल विंडोजला तत्काळ पुसता येत नाही, म्हणून ती पुढच्या वेळी सुरू होताना पुसण्याचे काम रजिस्ट्रीतील ‘पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स’ या मूल्यात लिहून ठेवले जाते. एखादा अर्धवट निघालेला प्रोग्रॅम किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर ते मूल्य पुन्हा पुन्हा भरत राहिला, तर नव्या प्रोग्रॅमला जुने काम अपुरे असल्याचे दिसत राहते. ते मूल्य हाताने पुसून पुढे जाण्याची युक्ती अभियंत्यांत तोंडोतोंडी पसरली. तिच्यात धोका होता, कारण राहिलेले काम खरोखरच आवश्यक असू शकत होते. तरीही लाइन थांबलेली असताना ती वापरली गेली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका कंपनीने शोधलेल्या स्टक्सनेट या किड्याने, म्हणजे स्वतःच पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, हाच स्टेप ७ लक्ष्य केला. त्याचा रोख इराणच्या अणुकेंद्राकडे असला तरी बाधित संगणकांच्या सिमँटेकने केलेल्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा क्रमांक होता. नियंत्रकाशी बोलणारी स्टेप ७ ची डीएलएल फाइल तो दुसऱ्या नावाने बाजूला ठेवी आणि तिच्या मूळ नावाने स्वतःची फाइल बसवी, त्यामुळे केवळ घुसखोर फाइल पुसली तर स्टेप ७ नियंत्रकाशी बोलू शकत नसे. मूळ फाइल परत तिच्या नावावर आणणे हा काढण्याचाच भाग होता. वीस वर्षांपूर्वीच्या बूट सेक्टर व्हायरसांची हीच रीत होती. यूएसबी स्टिकवरून यंत्राला कटिंग प्रोग्रॅम देण्याची सवय असलेल्या वर्कशॉपांत २००८ अखेरीस आलेला कॉन्फिकर आणि ऑटोरनवर, म्हणजे स्टिक लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याच्या सोयीवर, पसरणारे इतर किडे यंत्राच्या संगणकांपर्यंत पोचण्याचा मार्ग सोपाच होता. १२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या किड्याने रेनो-निसानच्या चेन्नईतील कारखान्यालाही गाठले, आणि त्याच वर्षी २७ जूनच्या नॉटपेट्या या किड्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले, जे बंदर चाकणच्या कंटेनर-मालाचा नेहमीचा मार्ग आहे. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला असूनही यंत्रांना जोडलेले एक्सपीचे संगणक बदलता येत नव्हते, कारण यंत्राचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेलच असे नव्हते.

सफाई सोपी करून देण्याचे दावे करणारे प्रोग्रॅमही या काळात भरपूर आले. १९९० च्या दशकातील क्लीनस्वीपसारखे प्रोग्रॅम बसवण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती टिपून फरक काढत. ही रीत हिस्ट्री कार्डाच्या जवळची होती, आणि म्हणूनच ती प्रामाणिक होती. पुढे लोकप्रिय झालेले रजिस्ट्री-सफाईचे प्रोग्रॅम आधीची स्थिती न पाहता अंदाजाने नोंदी निरुपयोगी ठरवत. रजिस्ट्रीतल्या काही शे नोंदी गेल्याने संगणकाचा वेग वाढतो याला आधार नाही, अशा प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही, आणि २०१७ मध्ये तर सीसीक्लीनर या प्रसिद्ध सफाई-प्रोग्रॅमच्या अधिकृत प्रतीतच हल्लेखोरांनी आपला संकेत घुसवला होता. कारखान्याच्या संगणकावर असे साधन चालवू देणे हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती पाना देऊन त्याला यंत्र उघडू देण्यासारखेच आहे.

चाकणला १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे, आणि लगेच पुढे महिंद्राचा. या कारखान्यांबरोबर आलेल्या पद्धतींनी संगणकाला उशिरा का होईना नोंद दिली. जपानी कार्यपद्धतीतील पाच एसच्या पहिल्या पायरीत नको असलेल्या वस्तूवर लाल टॅग लावून ती ठरावीक मुदत बाजूला ठेवतात आणि कोणी मागितली नाही तरच निकाली काढतात. शॉप फ्लोअरवर रुजलेली ही पद्धत संगणकाला आधीच लावली असती तर फॉन्टही वाचले असते आणि परवानेही. जर्मन वाहन उद्योगाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या टिसॅक्स या माहिती-सुरक्षा तपासणीत पुरवठादाराकडील माहिती कशी परत करायची व कशी कायमची पुसायची हे प्रश्न लेखी येऊ लागले, आणि नव्या मोटारीची चित्रे ज्या वर्कशॉपात येतात त्याला काम संपल्यावर ती खरोखर गेली आहेत हे दाखवणे भाग पडू लागले. येथे काढण्याचा अर्थ अधिक कडक झाला. फिरत्या डिस्कवर जागा पुन्हा लिहून मजकूर नष्ट करता येतो; एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, झीज समान राहावी म्हणून लेखन स्वतःच इकडेतिकडे हलवते, त्यामुळे तिच्यावर पुन्हा लिहिणे भरवशाचे नसते आणि डिस्कची स्वतःची पुसण्याची आज्ञा किंवा आधीपासून केलेले कूटलेखन यांवर भिस्त ठेवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कामगार आणि ग्राहकांच्या माहितीबाबतही, हेतू पुरा झाल्यावर ती पुसण्याचे कर्तव्य घातले.

यंत्राच्या संगणकापुरते उत्तर मात्र डिस्कची संपूर्ण प्रतिमा ठेवण्यात सापडले. सीमेन्सच्या सीएनसी नियंत्रकांतील पीसीयू ५० या संगणकात घोस्ट हा प्रतिमा घेण्याचा प्रोग्रॅम आधीच दिलेला असे, आणि यंत्र चालू अवस्थेत असताना घेतलेली प्रतिमा कपाटात ठेवणारा मेंटेनन्स विभाग बिघडलेला प्रोग्रॅम काढत बसत नसे, यंत्राला ज्ञात स्थितीत परत नेत असे. अलीकडे ऑटोमेशन अभियंते स्टेप ७ ची प्रत्येक आवृत्ती वेगळ्या आभासी संगणकात, म्हणजे एका फायलीत सामावलेल्या संपूर्ण संगणकात, ठेवतात. जुनी लाइन मोडीत निघाल्यावर ती एक फाइल पुसली की तिच्यासह सारे अवशेष जातात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपल्यानंतर जुन्या यंत्रांसाठी हीच सोय वाढत्या प्रमाणात करावी लागेल. परंतु त्या फायलीच्या आतही परवान्याचा तो लपलेला कप्पा असू शकतो, आणि फाइल पुसण्यापूर्वी त्यातील परवाना बाहेर हलवला आहे की नाही, हे अभियंत्याला आजही स्वतः उघडून पाहावे लागते.